दगडाला वेग कुठून येतो?

वाहन-सुरक्षा : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणाऱ्या लेखिका वाहनांच्या काचांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत अभियंता होत्या.)

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात तो आणि त्याचे तीन मित्र महामार्गावरच्या पादचारी पुलावरून खालच्या गाड्यांवर दगड टाकताना सापडले. पुलावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना पकडून घरी आणून सोडलं. एक दगड एका गाडीच्या टपावर लागला, असं मुलं कबूल करतात. ती गाडी थांबली नाही. मुलगा म्हणतो, ‘‘आम्ही जोरात मारत नव्हतो, नुसते सोडत होतो.’’ त्याचे बाबा म्हणतात, या वयात मुलं असले उद्योग करतातच. समज दिली, विषय संपला. माझी मात्र झोप उडाली आहे. मी उगाच बाऊ करतेय का? आणि त्याला समजावू तरी कसं?
— एक आई

उत्तर : नाही, तुम्ही बाऊ करत नाही आहात. तुमच्या मुलाला खरंच वाटत असणार, की जोर लावला नाही म्हणजे कुणाला लागणार नाही. दगडाचा मार त्याच्या दंडातून येत असता, तर त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण तो मार गाडीतून येतो.

हे गणित त्याच्याच हातून करून घ्या, त्याला जमेल. पुलाच्या कठड्यापासून गाडीच्या काचेपर्यंत पाच मीटर अंतर धरा. अर्ध्या किलोचा दगड हातातून नुसता सोडला, तर हे अंतर पडायला त्याला एक सेकंद लागतो आणि काचेपाशी पोचताना त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर असतो. त्याच्यात साधारण २५ ज्यूल ऊर्जा असते. आता खालून गाडी येतेय ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. गाडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने दगडच त्या वेगाने समोरून अंगावर येतो. या वेगाची ऊर्जा होते सुमारे १५५ ज्यूल. दोन्ही मिळून १८०. त्यातला सातवा हिस्सासुद्धा दगड पडण्याचा नाही, बाकी सगळा गाडीने आणलेला. उभ्या गाडीवर हाच दगड इतक्याच जोराने आदळायचा, तर तो जवळपास बारा मजले उंचीवरून सोडावा लागेल. आणि गाडीचा वेग दुप्पट झाला, की तिच्याकडून येणारी ऊर्जा चौपट होते. ते वरून कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मुलाला दिसत नाही. त्याला सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

माझी सगळी नोकरी काचांच्या चाचण्या घेण्यात गेली, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगते. गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा. पडद्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहावेत आणि आदळलेली वस्तू आत येऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. त्याची परीक्षा अशी होते : काचेच्या चौकोनी तुकड्यावर सव्वादोन किलोचा गुळगुळीत पोलादी गोळा चार मीटरवरून सोडायचा. आदळल्यापासून पाच सेकंदांत तो आरपार गेला नाही, तर काच उत्तीर्ण. या गोळ्याची ऊर्जा भरते सुमारे ९० ज्यूल. तुमच्या मुलाच्या हातातल्या अर्ध्या किलोच्या दगडाची वर आपण काढली १८०. म्हणजे ज्या माऱ्यासाठी काच तपासलेली असते, त्याच्या दुप्पट. शिवाय गोळ्याला धार नसते, दगडाला असते. काच तिरकी बसवलेली असते, त्यामुळे कधी कधी दगड घसरून वर उडून जातो. त्या गाडीतल्या माणसाचं ते नशीब, दगड टाकणाऱ्याची त्यात काही हुशारी नाही.

दगड आत आला नाही म्हणजे निभावलं, असंही समजू नका. दुसऱ्या एका चाचणीत पाव किलोपेक्षाही हलका गोळा काचेवर सोडतात आणि काचेच्या आतल्या बाजूने, म्हणजे जिकडे चालकाचा चेहरा असतो तिकडून, किती चुरा उडाला त्याचं वजन करतात. ठरावीक मर्यादेपर्यंत काही ग्रॅम चुरा पडला तरी ती काच नियमाने उत्तीर्ण होते. तो चुरा मी हातमोजे घालून ब्रशने गोळा केलेला आहे. त्यातले कितीतरी कण प्रकाशात तिरके धरल्याशिवाय दिसायचेसुद्धा नाहीत. प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, की हे डोळ्यात गेलं तर डॉक्टरांनी शोधायचं कसं? ज्या काचेला आम्ही शिक्का मारून ‘चांगली’ म्हणायचो, तिची ही गोष्ट. बाजूच्या खिडक्यांना तर बहुतेक गाड्यांत तो पडदाही नसतो. ती काच दगड लागला की एका क्षणात तुकडे तुकडे होऊन सांडते, आणि दगड थेट आत.

आता टपावर लागलेल्या त्या दगडाविषयी. मुलाच्या बाबांनी हा भाग जरूर वाचावा. दगड हातातून सुटल्यापासून खाली पोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे मुलांनी दगड सोडला तेव्हा ज्या गाडीला तो लागला ती पुलाखाली आलेलीही नव्हती. नेम वगैरे काही नव्हता, असूच शकत नाही. पुढच्या काचेपासून टपाच्या मध्यापर्यंत दीड-दोन मीटर अंतर असतं आणि ते या वेगाने एक दशांश सेकंदाहून कमी वेळात सरतं. दगड तेवढा लवकर सुटला असता तर काचेवर बसला असता. ‘कुणाला काही झालं नाही’ हे खरं आहे, पण त्याचं श्रेय मुलांना देता येणार नाही.

याच वयाच्या मुलांच्या हातून माणसं गेली आहेत. जर्मनीत डार्मस्टाटजवळ फेब्रुवारी २००० मध्ये पादचारी पुलावरून तीन मुलांनी रस्त्यावर दगड टाकले. दोन स्त्रिया ठार झाल्या. मुलांचं वय होतं १४ ते १८. न्यायालयाने त्यांना खुनासाठी दोषी धरलं आणि सात ते साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकेत मिशिगन राज्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये पुलावरून पडलेल्या अडीच किलोहून जड दगडाने गाडीतला एक तरुण मेला. तो गाडी चालवतही नव्हता, शेजारी बसला होता. पकडली गेलेली पाचही मुलं विशीच्या आतली. आणि ‘फक्त घाबरवायचं होतं’ हा बचाव मोठ्यांनीही करून पाहिला आहे. १९८४ मध्ये वेल्समध्ये खाणकामगारांच्या संपात दोघा संपकऱ्यांनी, संप असूनही कामावर निघालेल्या एका कामगाराला नेणाऱ्या टॅक्सीसमोर पुलावरून काँक्रीटचा ठोकळा ढकलला. टॅक्सीतला कामगार वाचला, चालक जागीच गेला. रस्ता अडवायचा होता, मारायचं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीपर्यंत गेलं आणि १९८६ मध्ये खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरलं. तरी आठ वर्षांची शिक्षा झालीच, आणि टॅक्सीवाला काही परत आला नाही.

समजवायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. पोलिसांची भीती घालून तो पुलावर जाणं थांबवेल, पण त्याला कळलेलं काहीच नसेल. माझं मत विचाराल तर त्याला गाडीत पुढे, चालकाच्या शेजारी बसवा आणि त्याच पुलाखालून न्या. पुलावर उभा असलेला माणूस शंभर मीटरवरून दिसला, असं धरा. तिथपासून पुलाखाली पोचेपर्यंत किती वेळ मिळतो, ते त्याला मोजू द्या. ताशी ९० ला चार सेकंद. समोरच्या काचेपासून आपला चेहरा किती जवळ आहे, हेही त्याला तिथे बसल्यावरच कळेल. त्या वेळी भाषण देऊ नका. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन वरचं गणित करा.

मग चौघांच्याही घरी बोला. हे काम एकट्या तुमच्या घरात मिटणारं नाही. अशा टोळक्यात दगड सोडणारा एक असतो, दगड आणून देणारा दुसरा, ‘ती आली, ती आली’ म्हणणारा तिसरा, आणि प्रत्येकाला वाटतं आपण काही केलं नाही. तुमच्या मुलाने यातलं नेमकं काय केलं, ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. मित्रांदेखत त्याचा पाणउतारा मात्र करू नका. त्याने तो मित्रांच्याच आणखी जवळ जाईल.

आणखी एक प्रसंग त्याला सांगा. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलाने धावत्या गाडीतून समोरून येणाऱ्या गाडीवर गोठवलेली टर्की (कोंबडीहून बराच मोठा, खाण्यासाठी पाळलेला पक्षी) फेकली. साधारण नऊ किलोचा तो गोळा काच फोडून आत गेला आणि गाडी चालवणाऱ्या बाईच्या चेहऱ्याची हाडं मोडली. चेहरा पुन्हा उभा करायला धातूच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. मुलाला कित्येक वर्षांचा तुरुंगवास होऊ शकत होता. त्या बाईंनीच शिक्षा कमी करण्याचा आग्रह धरला, म्हणून सहा महिन्यांवर निभावलं. न्यायालयात तो त्यांच्यासमोर येऊन रडला आणि त्यांनी त्याला जवळ घेतलं. त्या पुढे तरुण मुलांशी याविषयी बोलायला जात. ज्याला दगड लागतो तो माणूस असतो, त्याला नाव असतं, तो कुठून तरी निघून कुठे तरी चाललेला असतो. पुलावरून फक्त टप दिसतात. तुमच्या मुलाला टपाखालचा माणूस दिसायला हवा, आणि तो दाखवण्याचं काम आई म्हणून तुम्ही करू शकता.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक सूचना सारखी फिरते : रात्री काचेवर अंडी फेकली तर वायपर लावू नका, पाणीही मारू नका. अंडं आणि पाणी मिळून दुधासारखा थर होतो, ९२.५ टक्के दिसेनासं होतं आणि थांबलात की लुटारू गाठतात. हे खरं आहे का?

उत्तर : त्या ९२.५ ला कसलाही आधार नाही. दशांश चिन्ह घातलं की आकडा मोजलेला वाटतो, एवढंच. अंडं काचेवर पसरतं हे खरं, आणि कोरडा वायपर फिरवला तर ते आणखी फासलं जातं. पण भरपूर पाणी मारत वायपर चालू ठेवला तर काच पुढे जाण्याइतपत निवळते. काहीही दिसत नसताना काच न पुसता तसंच पुढे जाणं हे लुटारूंपेक्षा जास्त धोक्याचं आहे, म्हणून ही सूचना पुढे पाठवू नका.

याच निमित्ताने पाण्याच्या फुग्याविषयी. मऊ आहे, फुटून जातो, असं म्हणतात. तीनशे ग्रॅम पाणी भरलेला फुगा ताशी ९० च्या गाडीसमोर आला तर त्याची ऊर्जाही ९० ज्यूलच्या वर जाते. मार पसरतो म्हणून काच बहुधा टिकते. मोटारसायकलवरच्या माणसापुढे काच नसते. हेल्मेटची पुढची काच वर केलेली असेल तर तो फुगा थेट डोळ्यांवर बसतो, आणि तोल जायला तेवढं पुरतं.

प्रश्न : आमच्या घरात एकाला चालत्या गाडीतून रिकामी बाटली बाहेर टाकायची सवय आहे. घाण होते म्हणून मी बोलते, पण त्यात धोका काय, असं ते विचारतात.

उत्तर : तुम्ही घाण म्हणून बोलता ते बरोबरच आहे, धोका त्याहून मोठा आहे. बाटली हातातून सुटली तरी गाडीचा वेग तिच्यात राहतो. ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीतून ती ‘टाकली’ की रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसावर ती जवळजवळ ताशी ८० नेच जाते. समोरून तितक्याच वेगाने गाडी येत असेल तर दोन्ही वेग मिळून १६०. पाव किलोची वस्तूसुद्धा या वेगाला अडीचशे ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे वरच्या पुलावरच्या दगडापेक्षा जास्त. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तीन मुलांनी चालत्या गाडीतून समोरच्या गाड्यांवर दगड फेकले आणि वीस वर्षांची एक मुलगी स्वतःच्या गाडीत मेली. त्या तिघांतल्या एकाला २०२५ मध्ये जन्मठेप झाली. तुमच्या घरच्यांचा हेतू तसा नाही, हे मला माहीत आहे. समोरच्या काचेला हेतू कळत नाही. बाटली अर्धी भरलेली असेल तर त्यांच्या हातातून काढून घ्या, भांडण झालं तरी चालेल.

प्रश्न : मी रात्रपाळीला माणसं नेणारी बस चालवतो. दोन महिन्यांपूर्वी काचेवर दगड बसला. काच तडकली, दगड आत आला नाही. मी दचकून जोरात ब्रेक मारला आणि मागचे प्रवासी सीटवर आदळले. त्या क्षणी नेमकं काय करायला पाहिजे होतं? पूल दिसला की लेन बदलावी, असं सहकारी सांगतात.

उत्तर : दचकून ब्रेक लागणं साहजिक आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. पण पुढच्या वेळी हात-पाय आपोआप बरोबर चालावेत म्हणून ही ओळ मनात बसवून ठेवा : स्टिअरिंग घट्ट आणि सरळ, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून बाजूला, ब्रेक हलका. दगडाने जेवढी माणसं दगावतात त्यांत दगड न लागलेलीही असतात. गाडी दुभाजकावर जाते किंवा मागून दुसरी येऊन धडकते. काच तडकली की नजर त्या जाळीवर खिळते. ती तिथून काढून काचेचा जो भाग शाबूत आहे त्यातून रस्त्याची कड शोधा. धोक्याचे दिवे लावा. काहीच दिसत नसेल तर कडेला थांबण्यावाचून इलाज नाही. थोडंफार दिसत असेल तर मात्र तिथेच थांबू नका, पुलाखाली तर नाहीच, कारण दुसरा दगड येऊ शकतो. हळूहळू पुढे जाऊन उजेड आणि माणसं असतील तिथे थांबा. फेकणाऱ्यांच्या मागे धावू नका, तुमच्या बसमध्ये तुमच्या भरवशावर बसलेली माणसं आहेत.

लेन बदलण्याचा सल्ला मला पटत नाही. ऐन पुलाखाली बस वळवणं म्हणजे शेजारच्या गाडीला धडकण्याची तयारी. पुलावर माणसं उभी दिसली तर आधीपासून वेग कमी करा. ताशी ९० वरून ६० वर आलात की तुमच्या वेगामुळे दगडात येणारी ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते. माझ्या दृष्टीने चालकाच्या हातात याहून मोठा उपाय नाही. ज्या पुलावर असे प्रकार पुन्हा पुन्हा होतात तिथे कठड्यावर आत वळलेली उंच जाळी लावा, अशी लेखी मागणी तुमच्या कंपनीने रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे करायला हवी. तिच्यावरून दगड भिरकावणं फार अवघड होतं. तुमच्यासारख्या चालकांनी तारीख, वेळ आणि पूल लिहून दिला तर त्या मागणीला वजन येतं.

कुणाच्या डोळ्यात काच गेली तर डोळा चोळू देऊ नका, पहिला हात तिकडेच जातो. नुसता चुरा पापणीत असेल तर स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडा. पण तुकडा डोळ्यात रुतलेला दिसत असेल, रक्त येत असेल किंवा दिसेनासं झालं असेल तर पाणीही नको आणि तुकडा ओढून काढणंही नको. कागदी पेला डोळ्यावर उपडा धरा, त्याची कड डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकली पाहिजे, आणि तो चिकटपट्टीने बसवा. पेला डोळ्याला किंवा तुकड्याला लागता कामा नये, डोळ्यावर दाब येता कामा नये. दुसरा डोळाही मिटून ठेवायला सांगा, कारण एक हलला की दुसरा हलतो. खायला-प्यायला काही देऊ नका, शस्त्रक्रिया करावी लागू शकते. तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

बसमध्ये दगड सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. कागदी पिशवीत घालून पोलिसांना द्या आणि काच बदलण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. तडकलेली काच तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी बस रस्त्यावर काढायला कुणी सांगितलं तर नकार द्या. आतला पडदा एकदा ताणला गेला की पुढचा मार झेलण्याची त्याची ताकद पहिल्यासारखी राहत नाही.